डायल काचेची पुनर्निर्मिती (व्हॉल्व्ह रेडिओ)

डायल काचेची पुनर्निर्मिती : व्हॉल्व्हच्या (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या) जुन्या रेडिओची फुटलेली, हरवलेली किंवा अक्षरे पुसली गेलेली डायल काच, म्हणजे स्टेशनांचे आकडे व नावे छापलेली पुढची काच, त्याच मापाची, त्याच अक्षरांची आणि त्याच आखणीची नव्याने घडवून बसवण्याचे काम. मुंबईत ते सहसा तीन हातांतून पार पडते : रेडिओ दुरुस्त करणारा, काच कापून देणारा फ्रेमवाला आणि स्क्रीन प्रिंटिंगवाला. तिघांपैकी आखणीची फिकीर फक्त पहिल्याला असते. डायल काच ही मुळात मोजपट्टी आहे. दिसायला हुबेहूब पण आखणीत चुकलेली काच बसवलेला रेडिओ खोट्या वजनांच्या तराजूसारखा होतो. दिवाणखान्यात शोभतो, पण काटा ‘मुंबई’वर आणला की खरखर ऐकू येते.

काचेवर काय असते

रेडिओचे बटण फिरवले की दोरी ओढली जाते, दोरीने मोठी चकती फिरते आणि चकतीबरोबर गँग कंडेन्सरच्या (स्टेशन निवडणाऱ्या, फिरत्या पात्यांच्या कंडेन्सरच्या) पात्या एकमेकींत शिरतात किंवा बाहेर येतात. त्याच दोरीला अडकवलेला काटा काचेमागून सरकतो. मध्यम लहरींचा पट्टा साधारण ५४० ते १६०० किलोहर्ट्झ, म्हणजे जवळजवळ तिप्पट. वारंवारता कंडेन्सरच्या धारकतेच्या (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेच्या) वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, त्यामुळे ती तिप्पट व्हायला धारकता नऊ पटीने घटावी लागते. ती कोणत्या चालीने घटेल हे पात्यांच्या आकारावर ठरते, म्हणून डायलवरचे आकडे सारख्या अंतरावर नसतात : एका टोकाला ऐसपैस, दुसऱ्या टोकाला दाटीवाटीने. दुसऱ्या मॉडेलची ‘दिसायला तशीच’ काच चालत नाही ती यामुळे. चोर बाजारात मापाची काच सापडली म्हणून हरखून घरी आणलेल्यांना हा धडा बहुतेकदा काच बसवल्यावरच मिळतो.

आकड्यांखेरीज काचेवर शहरांची नावे आणि लघुलहरींचे मीटर-पट्टे असतात : १३, १६, १९, २५, ३१, ४१, ४९. वारंवारता मेगाहर्ट्झमध्ये घेऊन तिने ३०० ला भागले की मीटर मिळतात. भारतीय सेटांवर ६० व ९० मीटरचे उष्णकटिबंधीय पट्टेही आढळतात. ज्या घरांत २५ किंवा ४१ मीटरवर रेडिओ सिलोन लागत असे, तिथल्या काचेवर नेमक्या त्या जागी कुणीतरी नेलपॉलिशचा ठिपका दिलेला दिसतो. तो ठिपका पुसू नये. पुढे दिसेल की तो उपयोगाचाही असतो.

काच का जाते

फुटण्याची वेळ ठरलेली असते : दुरुस्तीसाठी चासी (भाग बसवलेला पत्र्याचा सांगाडा) खोक्यातून ओढताना. काचेच्या कडांखालचे रबर पन्नास-साठ वर्षांत दगडासारखे झालेले असते आणि क्लिपा गंजलेल्या असतात. पण फुटण्यापेक्षा पुसली जाणे जास्त. अक्षरे काचेच्या मागच्या बाजूला उलटी छापलेली असतात आणि त्यांना वरून कसलेच संरक्षण नसते. डायलच्या ६.३ व्होल्टच्या दिव्यांजवळची जागा रोज तापते आणि थंड होते, त्यावर मुंबईचा पावसाळा. रंगाची पकड सुटते आणि पापुद्रे धरतात. मग दिवाळीची साफसफाई येते. ओल्या फडक्याने, साबणाच्या पाण्याने किंवा काच पुसायच्या अमोनियाच्या द्रावणाने मागची बाजू एकदा पुसली की पाच मिनिटांत कोरी काच हातात राहते. धूळ काढायचीच असेल तर कोरड्या मऊ ब्रशने, आणि सुटणाऱ्या अक्षरांना तर तोही लावू नये.

काच नसलेला रेडिओ चालू करून पाहण्यात धोकाही आहे. एसी-डीसी दोन्हींवर चालणाऱ्या सेटांत ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चासी थेट घरच्या विजेला जोडलेली असते. अशा सेटची काच गेली की डायलमागचा पत्रा आणि धातूचा काटा बोटाच्या आवाक्यात येतात, आणि प्लग कसा बसला आहे त्यावर त्यांत पूर्ण दाब असू शकतो. तिथे काच हे विजेचे आवरणही असते. निदान तात्पुरता अॅक्रिलिकचा तुकडा लावल्याशिवाय तो सेट लावू नये.

आखणी मिळवणे

मूळ काच तुकड्यांत का होईना शिल्लक असेल तर काम सोपे. तुकडे जुळवून, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून स्कॅन करतात. स्वस्त, चपट्या स्कॅनरची नजर काचपृष्ठाच्या फार वर पोचत नाही, त्यामुळे डायल काचेच्या जाडीतून पाहिलेली अक्षरे धूसर येतात. अशा वेळी छापलेली बाजू खाली ठेवून स्कॅन घ्यावा आणि चित्र संगणकावर उलटवावे. मोबाइलचा फोटो अक्षरांची ढब कळायला पुरेसा आहे, मोजमापाला नाही, कारण कोन जरा चुकला तरी एक टोक लांबते. पुढे संगणकात ओळी आणि अक्षरे नव्याने काढून घेतात. जुन्या काचांवरची अक्षरे अनेकदा कुणीतरी हाताने रेखलेली असतात. जवळचा फॉन्ट शोधण्यापेक्षा एकेक अक्षर गिरवणे शेवटी कमी वेळात होते.

काच पूर्ण नाहीशी असेल तर आखणी त्या रेडिओकडूनच काढून घ्यावी लागते. काट्यामागे पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवतात, काटा दोन्ही टोकांना नेऊन त्याचा प्रवास नोंदतात आणि सिग्नल जनरेटरने (हव्या त्या वारंवारतेचा संकेत देणाऱ्या यंत्राने) ५५०, ६००, ७०० असे संकेत देत प्रत्येक ठिकाणी पेन्सिलीने खूण करतात. जनरेटर नसला तरी अडत नाही. सुपरहेटरोडाइन रेडिओ, म्हणजे आलेला संकेत आधी एका ठरावीक मध्यवर्ती वारंवारतेवर आणणारा रेडिओ : त्याच्या आतला आंदोलक (स्वतः वारंवारता निर्माण करणारे मंडल) ऐकायच्या स्टेशनाहून त्या मध्यवर्ती वारंवारतेइतका वर चालतो आणि त्याचा क्षीण संकेत बाहेर पडतच असतो. मध्यवर्ती वारंवारता ४५५ किलोहर्ट्झ असेल, तर शेजारी ठेवलेला डिजिटल रेडिओ १०५५ वर लावावा आणि जुन्या रेडिओचा काटा हळूहळू सरकवावा. डिजिटल रेडिओत एकदम सन्नाटा किंवा शिट्टी आली की काटा ६०० वर आहे. आधी सर्किट पाहून आकडा पक्का करावा, कारण काही सेटांत ४५५ च्या जागी ४६५ किंवा ४७० असतात आणि सगळी पट्टी तेवढ्याने घसरते.

पडताळा आकाशवाणीवर घेता येतो. मुंबईच्या मध्यम लहरींच्या वारंवारता ५५८, १०४४ आणि ११८८ किलोहर्ट्झ. मीटरमध्ये सुमारे ५३७, २८७ आणि २५२. एक खूण पट्टीच्या टोकाजवळ आणि दोन मधल्या भागात, त्यामुळे आखणी वाकडी गेली असेल तर लगेच कळते. या तिन्ही संख्यांना ९ ने भाग जातो. १९७५ च्या जिनिव्हा आराखड्याने मध्यम लहरींच्या वाहिन्यांमधले अंतर ९ किलोहर्ट्झ केले आणि तो आराखडा नोव्हेंबर १९७८ पासून अमलात आला. त्याआधी छापलेल्या काचेवर ‘मुंबई’ आजच्या जागेपासून किंचित बाजूला असेल तर ती काचेची चूक नव्हे.

एक गोष्ट मात्र आधी करायची असते, आणि हौशी माणूस हटकून नंतर करतो : ट्रिमर व पॅडर (स्क्रूने कमीजास्त करायचे छोटे कंडेन्सर) जुळवणे. पट्टीचे वरचे टोक ट्रिमरने, खालचे टोक पॅडरने हलते. कोणीतरी पूर्वी ते वेडेवाकडे फिरवले असतील, तर त्या रेडिओवरून काढलेली आखणी म्हणजे त्या माणसाच्या स्क्रू-ड्रायव्हरची नक्कल होते. काही सेटांत काच खोक्याला जोडलेली असल्याने चासी बाहेर काढली की पट्टीच नाहीशी होते. अशांच्या मागच्या पत्र्यावर कारखान्यातच जुळवणीच्या खाचा दिलेल्या असतात. त्या सापडल्या तर निम्मे काम झाले. आणि नेलपॉलिशचा ठिपका असेल तर लघुलहरींवर एक खात्रीची जागा मिळते.

छपाई आणि काच

मूळ काचा स्क्रीन प्रिंटिंगने (जाळीतून शाई दाबून) छापत. लग्नपत्रिकांमुळे आणि स्टिकरांमुळे ही कला मुंबईत गल्लोगल्ली आहे, पण काचेवर उलटे छापायचे म्हटले की गोंधळ होतो. पॉझिटिव्ह फिल्म (जिच्यावरून जाळी तयार करतात ती पारदर्शक प्रत) आरशातल्यासारखी हवी आणि रंगांचा क्रमही उलटा : आधी अक्षरे, मग पार्श्वभूमी. हे लिहून दिले नाही तर पहिली काच ‘सुलटी’ छापून येते, म्हणजे रेडिओत उलटी. बारीक रेघांसाठी दर सेंटिमीटरला १२० धाग्यांच्या आसपासची जाळी लागते. स्टिकरची शाई काचेवर टिकत नाही, नखाने निघते. काचेसाठी हार्डनर मिसळायची दुहेरी एपॉक्सी शाई घ्यावी आणि छापल्यावर ती भट्टीत भाजून घ्यावी. जुलैत हे काम काढू नये. काचेवर न दिसणारा ओलावा असतो आणि शाई त्याच्यावर बसते, काचेवर नाही.

एकाच काचेसाठी स्क्रीन करणे महाग पडते, म्हणून दुकानांचे बोर्ड बनवणाऱ्यांकडच्या यूव्ही (अतिनील प्रकाशाने शाई सुकवणाऱ्या) छपाई यंत्रावर थेट छापून घेण्याकडे कल आहे. त्यात पांढरी शाई मिळते, हा मोठा फायदा. बहुतेक डायलांची अक्षरे दुधी किंवा सोनेरी असतात आणि घरच्या प्रिंटरची शाई पारदर्शक असल्याने ती अक्षरे त्याला जमतच नाहीत. पारदर्शक प्लास्टिकवर लेझरने छापून कोऱ्या काचेमागे चिकटवणे ही सर्वांत स्वस्त वाट. काळ्या अक्षरांपुरती ठीक, पण दिव्याच्या धगीने चिकटवलेले सुटते आणि बुडबुडे दिसतात.

मार्ग कोणताही असो, आधी साध्या कागदावर छापून रेडिओवर धरून पाहावे. ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला की चित्र गुपचूप आकसते. मध्यम लहरींची पट्टी २४ सेंटिमीटरची धरली तर दर मिलिमीटरला सरासरी ४.४ किलोहर्ट्झ येतात. १ टक्का आकसली की टोकाला २.४ मिलिमीटर, म्हणजे १० किलोहर्ट्झहून अधिक चूक. एक अख्खी वाहिनी गेली.

काच फ्रेमवाल्याकडची साधी चालते. कडा घासून घ्याव्यात आणि भोके असतील तर ती छपाईआधी पाडावीत. टफन केलेली (तापवून मजबूत केलेली) काच नंतर कापता येत नाही. वक्र काचेसाठी भट्टीत साच्यावर वाकवण्याचा खटाटोप लागतो. तिथे बहुतेक जण हार मानून अॅक्रिलिक वाकवतात, आणि ते गैर नाही. अॅक्रिलिकवर ओरखडे पडतात, दिव्याजवळ ते किंचित फुगते, एवढे लक्षात ठेवावे. दिव्यांच्या जागी एलईडी लावायची तर पिवळसर घ्यावी; पांढऱ्याशुभ्र प्रकाशात दुधी अक्षरे निळी दिसतात.

नावांचा प्रश्न

फाळणीपूर्वी ऑल इंडिया रेडिओची नऊ केंद्रे होती. त्यांपैकी लाहोर, पेशावर आणि ढाका १९४७ मध्ये पाकिस्तानात गेली. जुन्या काचेवर ही नावे दिल्ली, कलकत्ता, मद्रास यांच्याच रांगेत सापडतात आणि सेटचे वय ठरवायला उपयोगी पडतात. नवी काच करताना ‘बॉम्बे’चे ‘मुंबई’ आणि ‘सिलोन’चे ‘श्रीलंका’ करून द्या, असा आग्रह ग्राहक कधीकधी धरतात. तो मानू नये. तसेच ठाण्याच्या कारखान्यातला मर्फी असो की मुंबईतला नॅशनल-एक्को, कंपनीचे चिन्ह जिथे होते तिथेच आणि तेवढेच घ्यावे. शंका असेल तर जागा कोरी ठेवणे बरे.

नव्या काचेच्या कोपऱ्यात, खोक्याच्या कडपट्टीखाली झाकल्या जाणाऱ्या भागात, ती नव्याने केलेली असल्याचे आणि केल्याचे वर्ष बारीक अक्षरांत छापतात. जुन्या काचेचे तुकडे पाकिटात घालून खोक्याच्या आत, स्पीकरपासून दूर, चिकटवून ठेवतात.