पन्नास रोपं मोजली म्हणजे पन्नास रेप्लिकेशन झाली असं नाही

कॉलेजच्या प्रोजेक्टात हे वर्षानुवर्षं चालत आलंय, की एका प्लॉटला खत घाला, एक तसाच ठेवा, दोन्हीकडची पन्नास-पन्नास रोपं मोजा आणि टी-टेस्ट (दोन सरासरींतला फरक तपासणारी चाचणी) लावून मोकळे व्हा. हे चूक आहे. खत दिलं ते प्लॉटला, रोपाला नव्हे, म्हणून प्रत्येक बाजूचं रेप्लिकेशन, म्हणजे प्रयोगाची स्वतंत्र पुनरावृत्ती, एकच, रोपं पन्नास मोजा की पाचशे!

आपल्या खाजन शेतात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात बघा ना, मानशीजवळचा (खाडीचं पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराजवळचा) कोपा, म्हणजे शेताचा तुकडा, खारट, आतला कमी खारट, आणि खताचा प्लॉट नेमका आतला निघाला तर कोरगुट भात तिथे खताने वाढला की कमी मिठाने, हे कुठलं सॉफ्टवेअर सांगणार? जास्त रोपं मोजून त्या प्लॉटची सरासरी पक्की होते, पण प्लॉटा-प्लॉटातला फरक किती ते कळतच नाही, आणि खताचा परिणाम तर त्याच फरकाशी ताडून बघायचा असतो. हर्लबर्ट या परिसंस्थाशास्त्रज्ञाने 1984 साली याला स्यूडोरेप्लिकेशन, म्हणजे खोटं रेप्लिकेशन म्हटलं, तरी अजून थिसिसमध्ये सर्रास दिसतं, वाईट वाटतं.

उपाय काही महाग नाही. खारटपणा ज्या दिशेने बदलतो तिला आडवे ब्लॉक पाडा, प्रत्येक ब्लॉकमध्ये सगळ्या ट्रीटमेंट (तपासायचे खताचे पर्याय) ठेवा, आणि कुठली कुठे ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, सोयीने नको. 4 ट्रीटमेंट, 5 ब्लॉक घेतले तर एररला, म्हणजे प्लॉटा-प्लॉटातला फरक मोजायला, (4-1) गुणिले (5-1), म्हणजे 3 गुणिले 4 म्हणजे 12 डिग्री ऑफ फ्रीडम (स्वतंत्र माहितीचे तुकडे) मिळतात, तेवढ्यावर काम भागतं. प्रत्येक प्लॉटातली दहाएक रोपं मोजून सरासरी काढा आणि अ‍ॅनोव्हात (अनेक सरासरींची तुलना करणाऱ्या चाचणीत) ती सरासरीच घाला.