आभासी चलनातील गुंतवणुकीचे धोके: पार्श्वभूमी

आभासी चलनाच्या धोक्यांची चर्चा बहुधा भावाच्या चढउतारापाशी सुरू होते आणि तिथेच थांबते. भाव कोसळतो हे खरेच आहे. डिसेंबर २०१७ मध्ये २०,००० डॉलरच्या जवळ पोहोचलेले बिटकॉइन वर्षभरात ३,२०० डॉलरच्या आसपास आले, तर नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ६९,००० डॉलरवर असलेला भाव पुढच्या नोव्हेंबरात १६,००० च्याही खाली गेला. परंतु या चलनाचा इतिहास पाहिला, तर ज्या संस्थेकडे चलन सांभाळायला दिले तीच बुडाल्यामुळे झालेले नुकसान अधिक बोचरे वाटते, कारण तिथे भाव सावरेपर्यंत थांबण्याचा मार्गही गुंतवणूकदाराला उरत नाही.

संगणकावरील चलनाची कल्पना बिटकॉइनपेक्षा जुनी आहे. डेव्हिड चॉम या संगणकशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये, पैसे देणाऱ्याची ओळख गुप्त ठेवणाऱ्या डिजिटल देवघेवीची पद्धत मांडली आणि पुढे तिच्या आधारे डिजिकॅश ही कंपनी काढली. १९९८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि तिचे चलनही संपले. एका कंपनीच्या आयुष्याला बांधलेले चलन त्या कंपनीबरोबरच जाते, हा त्यातून मिळालेला धडा होता. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी, लेहमन ब्रदर्स ही गुंतवणूक बँक बुडाल्याला दीड महिना होत असताना, सातोशी नाकामोतो या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या निबंधाने त्यावर उत्तर सुचवले: व्यवहारांची वही एकाच संस्थेकडे न ठेवता तिच्या प्रती असंख्य संगणकांवर ठेवायच्या आणि विश्वासू मध्यस्थाची गरजच काढून टाकायची. बिटकॉइनची एकूण संख्याही २ कोटी १० लाखांवर बांधून टाकण्यात आली.

मध्यस्थ गेला, तशी त्याच्यावर असलेली जबाबदारीही गेली. ज्याच्याजवळ गुप्त कळ, म्हणजे नाणी खर्च करायला लागणारा गुप्त संकेतांक, तोच मालक; ती हरवली तर नवी देणारे कार्यालय नाही, आणि चुकीच्या पत्त्यावर गेलेली रक्कम परत फिरवणारा अधिकारीही नाही. हे ओझे पेलणे सर्वसामान्य माणसाला जड गेले, हे समजण्यासारखे आहे. म्हणून लोकांनी आपली नाणी एक्स्चेंजकडे, म्हणजे या चलनाची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपन्यांकडे सोपवली आणि काढून टाकलेला मध्यस्थ परत आला, तोही बँकेवर असणारी देखरेख आणि ठेव विमा यांच्याविना. बँक ठेवींना आज मिळणारे संरक्षण सहजासहजी आलेले नाही. अमेरिकेत ते हजारो बँका बुडाल्यानंतर, १९३३ मध्ये आले.

याची किंमत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर मोजावी लागली ती टोकियोतील माउंट गॉक्स या एक्स्चेंजच्या ग्राहकांना. जगातील बिटकॉइनच्या उलाढालीचा मोठा हिस्सा हाताळणाऱ्या या एक्स्चेंजने फेब्रुवारी २०१४ मध्ये पैसे काढणे थांबवले आणि त्याच महिन्यात दिवाळखोरी जाहीर केली. सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन नाहीसे झाल्याचे सांगण्यात आले. त्यांपैकी सुमारे दोन लाख नंतर एका जुन्या वॉलेटमध्ये (नाण्यांच्या डिजिटल पाकिटात) सापडले. ग्राहकांना पडद्यावर दिसणारी शिल्लक ही केवळ कंपनीच्या खात्यातली नोंद होती, त्यामागे नाणी उरलेली नव्हती. बिटकॉइनच्या रूपातील परतफेड सुरू व्हायला २०२४ चा जुलै उजाडला.

मधल्या काळात फसवणुकीचे साधे प्रकारही झाले; वनकॉइनच्या योजनेत तर विकले जाणारे चलनच प्रत्यक्षात अस्तित्वात नव्हते.

२०२२ मध्ये मात्र पडझड एकातून दुसरीकडे पसरली. टेरायूएसडी या नाण्याची किंमत कायम एक डॉलर राहील असे सांगितले जात होते आणि त्यावर सुमारे २० टक्के व्याज मिळत होते. ज्याला ते नको असेल त्याला बदल्यात एक डॉलर किमतीची लुना, म्हणजे त्याच्या जोडीचे दुसरे नाणे, नव्याने काढून द्यायची, अशी ती यंत्रणा होती. मे महिन्यात सगळेच एकदम बाहेर पडू लागले. जितकी लुना निघाली तितका तिचा भाव पडला, आणि भाव पडल्यामुळे ती आणखी काढावी लागली. काही दिवसांत सुमारे ४० अब्ज डॉलरचे मूल्य नष्ट झाले. जूनमध्ये सेल्सियस या व्याज देणाऱ्या कंपनीने ग्राहकांचे पैसे अडकवले आणि जुलैत दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढे न्यायालयाने करारातील अटी वाचून ठरवले, की व्याजी खात्यांत जमा केलेले चलन कंपनीच्याच मालकीचे झाले होते. स्वतःला मालक समजणारे लोक प्रत्यक्षात विनातारण धनको, म्हणजे कंपनीला तारणाविना पैसे उसने देणारे ठरले. माझ्या मते संपूर्ण इतिहासातील हा सर्वांत दुर्लक्षित निकाल आहे, कारण ती अट मान्य करूनच ग्राहकांनी खाती उघडली होती.

नोव्हेंबरमध्ये एफटीएक्स हे एक्स्चेंज कोसळले. ग्राहकांचा पैसा अलामेडा या भगिनी कंपनीकडे वळवल्याचे उघड झाले आणि मार्च २०२४ मध्ये संस्थापक सॅम बँकमन-फ्रीड यांना २५ वर्षांची शिक्षा झाली. ग्राहकांची देणी नोव्हेंबर २०२२ च्या भावाने, डॉलरमध्ये ठरवण्यात आली. त्या वेळी बिटकॉइन १७,००० डॉलरच्या आत होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये परतफेडीची योजना मंजूर झाली, तेव्हा ते ६०,००० च्या वर गेले होते. कागदोपत्री बहुतेकांना पूर्ण रक्कम आणि वर व्याज देण्याचे ठरले, पण ज्यांनी एक बिटकॉइन ठेवले होते, त्यांच्या हाती एक बिटकॉइन घेण्याइतके पैसे येणार नव्हते.