नवीन पान बिघडले, तर आधी काय पाहावे
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कुलर सुरू झाले की आमच्या रोपवाटिकेत एकाच स्वरूपाचे फोन येऊ लागतात: मॉन्स्टेराचा कोंब उघडत नाही, रबर प्लांटचे नवे पान सुरकुतलेले आले, मनीप्लांटची पालवी पिवळी निघाली. प्रत्येकाला तेच उत्तर सावकाश देता येत नाही, म्हणून ते येथे लिहून देत आहोत.

पान ज्या दिवशी उघडते त्या दिवशी ते तयार झालेले नसते. शेंड्यावरच्या आवरणात ते कित्येक दिवस, काही झाडांत कित्येक आठवडे, आकार घेत असते. त्यामुळे आज दिसणारी सुरकुती किंवा करपलेली कड ही बहुधा त्या काळातल्या ताणाची खूण असते, कालच्या चुकीची नव्हे. वाकडे उघडलेले पान पुढे सरळ होत नाही, आणि केलेला उपाय लागू पडला की नाही हे त्याच्या मागून येणाऱ्या पानावरूनच कळते.

आमचा आणि आपलाही सर्वाधिक वेळ जातो तो हे लक्षात न घेतल्याने. मागच्या एप्रिलमध्ये एका ग्राहकांनी वाकडे पान दिसताच आठ दिवसांत झाड मोठ्या कुंडीत हलवले, तीत शेतातली काळी माती भरली, चमचाभर युरिया घातला, पाणी दोन वेळा सुरू केले आणि कुंडी गॅलरीत नेली. झाड आमच्याकडे आले तेव्हा मुळे कुजली होती आणि मूळचे कारण शोधण्याची सोय उरली नव्हती. आमची विनंती इतकीच आहे की एका वेळी एकच बदल करावा आणि पुढचे पान येईपर्यंत थांबावे. कोंब हाताने सोलून उघडू नये, कारण आतले कोवळे पान हमखास फाटते.

काय बदलावे हे ठरवण्यासाठी आधी जुनी पाने पाहावीत. जुनी पाने हिरवी असून नवे पान पिवळे आणि त्याच्या शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर झाडाला लोह मिळत नाही. बहुतेक वेळा लोह कुंडीत असते, पण बोअरच्या जड पाण्यामुळे किंवा सतत ओल्या राहिलेल्या मातीमुळे मुळांना ते उचलता येत नाही, म्हणून खत वाढवण्याआधी बोटभर खोल माती चाचपावी. पिवळेपणा जुन्या पानांपासून सुरू झाला असेल, तर तो प्रश्न निराळा आहे. पाने लहान येत असतील आणि पेरांमधले अंतर वाढले असेल, तर उजेड कमी पडतो आहे. नव्या पानावर चंदेरी चट्टे आणि काळे ठिपके असतील तर फुलकिडे, बेचक्यात कापसासारखे पुंजके असतील तर पिठ्या ढेकूण समजावेत. अशा वेळी एक लिटर पाण्यात ५ मिलि निंबोळी तेल आणि साबणाच्या पाण्याचे थोडे थेंब मिसळून संध्याकाळी फवारावे.

कुलरविषयी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. त्याची हवा ओलसर असते म्हणून कुंडी त्याच्यासमोर ठेवली जाते, पण त्या जोरदार झोताने कोवळे पान मऊ असतानाच सुकते आणि फाटते. कुंडी झोताच्या बाजूला ठेवावी. त्याहून घातक सवय म्हणजे कुलरच्या टाकीतले उरलेले पाणी झाडांना घालणे. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. कुलरच्या गवतावर साचणारा पांढरा थर तोच. हे क्षार कुंडीत साठले की मुळांना पाणी ओढणे जड जाते आणि नव्या पानांची टोके करपतात. पाणी वाया जाऊ नये ही भावना आम्हाला मान्य आहे. ते पाणी अंगण धुण्यास वापरावे.

रबर प्लांटचे लालसर आवरण गळणे, मॉन्स्टेराचे नवे पान फिकट असणे आणि लहान झाडाच्या पानांना चिरा नसणे, यांत काळजीचे काहीच नाही.

आमची माती हलकी असते, यावरूनही बोलणी ऐकावी लागतात. पैसे मातीचे घेऊन भुसा देता, असे एकदा तोंडावर ऐकवले गेले. ती जाणीवपूर्वक हलकी ठेवलेली असते. कोकोपीट, गांडूळखत आणि जळके भाताचे तूस यांच्या मिश्रणातून पाणी निथळते, तर कापसाला मानवणारी आपली काळी माती कुंडीत ओली असताना फुगते आणि सुकल्यावर भेगाळते. त्या भेगांतून वरून घातलेले पाणी मुळांना न भिजवता खाली निघून जाते.

केवळ नवे पान वाकडे आले म्हणून आम्ही झाड बदलून देत नाही. मात्र कुंडीसह झाड सकाळच्या वेळी आणल्यास मुळे तपासून देतो आणि त्याचे पैसे घेत नाही. मिश्रण लागलेच तर तेवढ्याचीच किंमत पडते. नुसते तोडलेले पान आणू नये. फोटो पाठवायचा असल्यास संपूर्ण झाड, कुंडीचे तळाचे छिद्र आणि ठेवण्याची जागा असे तीन पाठवावेत. मुळे कुजलेली नसतील, तर नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, कुंडी बदलण्याचे काम आम्ही हाती घेत नाही. मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर आणावे.