दादर-माटुंगा : प्लेगनंतर आखलेलं बागांचं उपनगर

दादर पूर्वेच्या एखाद्या जुन्या इमारतीचा भाडेपट्टा उघडला तर त्यात गल्लीचं नाव फारसं महत्त्वाचं नसतं. महत्त्वाचा असतो प्लॉट क्रमांक, आणि त्यापुढे लिहिलेलं ‘योजना क्रमांक ५, दादर-माटुंगा इस्टेट’. शीव-माटुंग्याकडे गेलं की पाचच्या जागी सहा येतो. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, पाच बागा, किंग्ज सर्कल ही आज वेगवेगळी वाटणारी ठिकाणं या दोन योजनांची लेकरं आहेत. मुंबईत आधी कागदावर आखून मग वसवलेलं हे पहिलं मोठं उपनगर. त्याची सुरुवात मात्र इथून मैलोगणती दूर, बंदराजवळच्या मांडवीत झाली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीतल्या एका रुग्णाला पाहून डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग असल्याचं निदान केलं. व्हिएगस मूळचे गोव्याचे, महापालिकेचे सदस्य आणि वस्तीत फिरून रोगी पाहणारे डॉक्टर. धोबीतलावला मेट्रोसमोर त्यांचा पुतळा उभा आहे. पुढच्या काही महिन्यांत निम्मं शहर गावाकडे पळालं. गिरण्या ओस पडल्या, व्यापार बसला, आणि सरकार हादरलं ते प्रामुख्याने या दुसऱ्या कारणाने. रोग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये मांडलं खरं, पण ते सर्वमान्य व्हायला पुढे बरीच वर्षं जावी लागली. तोवर सरकारी डॉक्टरांचं मत ठाम होतं : रोग घरात आहे. अंधाऱ्या, ओल्या, हवा न खेळणाऱ्या खोलीत तो मुरतो. औषध काय, तर अशी घरं पाडा, रुंद रस्ते काढा, समुद्राचा वारा वस्तीत शिरू द्या आणि गर्दी उत्तरेकडे हलवा.

निदान अर्धवट होतं. तरीही दादर-माटुंग्यात आज जो उजेड आणि जी हवा आहे ती त्या अर्धवट निदानाचीच देणगी आहे, हे मान्य करायला हवं.

१८९८ मध्ये कायदा झाला आणि त्यातून ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ जन्माला आला. निवडून आलेल्या महापालिकेला बाजूला ठेवून सरकारने ही स्वतंत्र संस्था उभी केली आणि तिला जमीन सक्तीने ताब्यात घेण्याचे, वस्त्या पाडण्याचे, रस्ते काढण्याचे अधिकार दिले. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रस्ते ट्रस्टने दाट वस्ती चिरून काढले. नागपाड्यासारखे भाग पाडून नव्याने आखले. पाडलेल्या घरांच्या मानाने बांधलेली घरं फार कमी होती. ज्यांच्या खोल्या गेल्या ते शेजारच्या गल्लीत आणखी दाटीवाटीने राहू लागले, आणि ट्रस्टवर पहिल्या दिवसापासून टीका झाली ती याच मुद्द्यावर.

योगायोग असा की त्याच १८९८ साली लंडनमध्ये एबेनेझर हॉवर्ड या संसदेच्या लघुलेखकाने बागनगराची कल्पना पुस्तकरूपात मांडली. शहराच्या सोयी आणि खेड्याची मोकळी हवा एकाच जागी, जमीन सगळ्यांच्या सामाईक मालकीची, भोवती शेतीचा हिरवा पट्टा. त्यातून १९०३ मध्ये लेचवर्थ उभं राहिलं. १९०७ मध्ये लंडनच्या कडेला हॅम्पस्टेडचं बाग-उपनगर सुरू झालं, पण त्याचं स्वरूप बरंच सौम्य होतं. तिथे ना स्वतंत्र उद्योग ना सामाईक शेती. होती ती फक्त झाडांनी भरलेली, नीट आखलेली राहण्याची जागा. दादर-माटुंग्याची आखणी १८९९-१९०० मधली, म्हणजे या दोन्हींच्या आधीची. त्यामुळे ती हॅम्पस्टेडची नक्कल आहे असं कुणी म्हणत असेल तर ते चुकीचं आहे. पुढे वीसेक वर्षांनी इमारती चढू लागल्या तेव्हा मात्र इंग्लंडमधले हे प्रयोग इथल्या अभियंत्यांना चांगले ठाऊक होते. १९१५ मध्ये मुंबई इलाख्याला देशातला पहिला नगररचना कायदा मिळाला. १९१९ मध्ये स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. शहर आखणं हा एक स्वतंत्र विषय आहे, ही जाणीव त्या काळात मुंबईत रुजत होती.

योजना क्रमांक ५ साठी सुमारे ४४० एकर जमीन ठरली. ती माळरान नव्हती. भातखाचरं होती, ताडामाडांची राई होती, नायगाव-माटुंग्याची गावठाणं होती आणि वडाळ्याकडे मिठागरं. शहराला जे आपल्या अंगणात नको होतं तेही इथेच आणून ठेवलेलं होतं. बेघर महारोग्यांसाठीचा आश्रम १८९० मध्ये माटुंगा-वडाळ्यालाच उभा राहिला, तो पुढे अ‍ॅकवर्थ या तेव्हाच्या महापालिका आयुक्तांच्या नावाने ओळखला गेला. सखल जमिनीत भर घालणं, सांडपाण्याची सोय करणं हे सगळं आधी व्हायला हवं होतं. त्यात जमीनमालकांनी भरपाईचे दावे लावले. ‘ही जमीन उद्या शहर होणार, मग भाव भाताचा कसा देता?’ हा त्यांचा सवाल आणि तो अगदी रास्त होता. दाव्यांत वर्षं गेली, मग पहिलं महायुद्ध आलं. नकाशात रस्ते आणि बागा दिसत होत्या, जागेवर मात्र वीसेक वर्षं बहुतेक प्लॉट रिकामेच होते.

या काळातला एक माणूस नीट ओळखून घ्यायला हवा : ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर. घरात प्रकाश किती यावा यावर त्यांनी १९१२ च्या सुमारास अक्षरशः भूमितीने उत्तर दिलं. तळमजल्याच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत तिरपी रेषा काढा. ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा मोठा कोन करत असेल तर त्या खोलीला पुरेसं आकाश मिळत नाही. हा आकडा किचकट वाटतो, पण हिशेब सोपा आहे. समोरची इमारत ४० फूट उंच असेल तर मध्ये निदान २० फूट मोकळे हवेत. कोन ४५ अंशांचा धरला असता तर उंचीइतकीच मोकळी जागा सोडावी लागली असती, आणि मुंबईच्या जमिनीच्या भावात ते कुणालाच परवडलं नसतं. गिरगाव-भुलेश्वरच्या जुन्या घरांत दोन इमारतींमधलं अंतर म्हणजे हात लांब केला की शेजारची भिंत लागेल इतकं. तिथून आलेल्या माणसाला दादरचा मोकळा पॅसेज केवढा मोठा वाटला असेल! ट्रस्टने आपल्या प्लॉटवर उंची तळमजला अधिक दोन मजल्यांच्या आसपास रोखली, चारही बाजूंनी जागा सोडायला लावली आणि हे सगळं भाडेपट्ट्याच्या अटींत लिहून टाकलं. जमीन ट्रस्टची, घर तुमचं. अट मोडली तर जमीनमालक म्हणून ट्रस्ट दारात उभा. मला या उपनगराच्या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा पट्टा. मोकळी हवा तिथे कुणाच्या सौजन्यावर सोडलेली नव्हती.

ट्रस्टमध्येच अभियंता असलेल्या मंचरजी एदलजी जोशी यांनी या कोरड्या नियमांत जीव ओतला. हे जोशी पारशी. बेताच्या उत्पन्नाच्या पारशी कुटुंबांसाठी त्यांनी ट्रस्टकडून १०३ प्लॉट राखून घेतले आणि मग माणसं पटवायला निघाले. दक्षिण मुंबईतल्या पारशांना माटुंगा म्हणजे जंगल वाटे. जोशींनी नुसत्या इमारती आखल्या नाहीत, कुठल्या रस्त्यावर कुठलं झाड लागेल हेही ठरवलं. जामे जमशेद रोडला अशोकाची रांग, फिर्दौसी रोडला महोगनी. शंभर वर्षांनंतर मे महिन्याच्या दुपारी फिर्दौसी रोडवरून चालताना ऊन खाली पोचत नाही, तेव्हा त्या आखणीचं मोल कळतं. पारशी धर्मगुरू घडवणारी अथोर्नान इन्स्टिट्यूट, अग्यारी, शाळा, जिमखाना हे हळूहळू आलं. मुंबईतल्या इतर पारशी बागांना भिंत आणि फाटक असतं, दादर पारशी कॉलनीला ते नाही. रस्ते सगळ्यांसाठी खुले आहेत, मधोमध पाच बागा आहेत आणि तिथे संध्याकाळी आसपासची सगळी मुंबई येऊन बसते. जोशी १९३७ मध्ये वारले. त्या बागांना आज त्यांचंच नाव आहे.

ट्रस्टच्या मनात सुरुवातीला बंगल्यांचं उपनगर होतं : स्वतःचं घर, भोवती स्वतःची बाग. ते झालं नाही. १९२० च्या दशकात गिरगावातली पांढरपेशी मराठी कुटुंबं हिंदू कॉलनीकडे सरकू लागली तेव्हा त्यांना बंगला परवडणारा नव्हता आणि चाळ नको होती. त्यांनी मधला मार्ग काढला, तो म्हणजे ब्लॉक. तीन मजल्यांची इमारत, दर मजल्यावर दोन-चार बिऱ्हाडं, प्रत्येकाला आपलं दार, आपलं स्वयंपाकघर आणि घरातच न्हाणीघर-संडास. आज यात विशेष काही वाटत नाही, पण संडास घरात घेणं ही तेव्हा मोठी उलथापालथ होती. सोवळंओवळं पाळणाऱ्या घरांनी तो मागच्या गॅलरीच्या टोकाला, स्वयंपाकघर आणि देवघरापासून जेवढा लांब जाईल तेवढा नेला. त्या काळच्या इमारतींच्या मागच्या बाजूला सफाई कामगारांसाठी वेगळा जिना दिसतो. नव्या नियोजनाच्या नकाशातही जात आपली वाट अशी राखून होती.

या ब्लॉकसंस्कृतीला सहकाराने बळ दिलं. गावदेवीला, ट्रस्टच्याच एका योजनेतल्या जमिनीवर, १९१५ मध्ये सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. तिच्यामागे होते राव बहादूर श्रीपाद सुब्राव तल्मकी. भाडेकरूनेच भागधारक व्हायचं ही कल्पना इंग्लंडमधल्या बाग-उपनगरांतून आलेली. बागनगराचा जो भाग मुंबईच्या मध्यमवर्गाने खऱ्या अर्थाने आत्मसात केला तो हा. बाग त्यांनी ट्रस्टवर आणि महापालिकेवर सोपवली, सोसायटी मात्र स्वतःकडे ठेवली.

माटुंग्याचा रंग वेगळा. रेल्वेत, बँकांत, पेढ्यांत कारकून म्हणून आलेली तमिळ कुटुंबं तिथे भाड्याने राहिली. त्यांच्यामागून देवळं, भाजीफुलांचा बाजार, खानावळी आल्या आणि १९३२ मध्ये साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी. १९२३ मध्ये व्हीजेटीआय हे तंत्रशिक्षणाचं महाविद्यालय भायखळ्याहून इथे आलं, १९३७ मध्ये रुईया आणि खालसा ही महाविद्यालयं निघाली, १९४१ मध्ये पोदार. दोन्ही रेल्वेमार्गांवरचं दादर स्टेशन, ट्रामचा दादर टीटीचा थांबा आणि १९२५ मध्ये विजेवर धावू लागलेली व्हीटी-कुर्ला हार्बर गाडी यांनी कचेरीचा प्रवास सुसह्य केला. रेल्वेच्या पश्चिमेला महापालिकेनेही स्वतःचं नियोजन केलं. माहीम पार्क १९२५ मध्ये लोकांसाठी खुलं झालं आणि शिवाजी महाराजांच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, १९२७ मध्ये, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने ते शिवाजी पार्क झालं.

ट्रस्टने बांधलेल्या दोन अगदी भिन्न मुंबई एकाच माणसाच्या आयुष्यात भेटतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ पासून वीसहून अधिक वर्षं परळच्या बीआयटी चाळीत, दोन खोल्यांत राहिले. बीआयटी म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. पुस्तकं मावेनात म्हणून त्यांनी हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधलं आणि वरच्या मजल्यावर ग्रंथालय व कार्यालय थाटलं. परळहून दादर, अंतर जेमतेम दीड-दोन मैल. तेवढ्या अंतरात सामाईक नळ आणि सामाईक संडास संपून प्रकाशाच्या कोनाचे नियम सुरू होत. प्लेगच्या नावाखाली घरं गमावलेल्या किती जणांना हे अंतर ओलांडता आलं? फारच थोड्यांना. त्यांच्या वाट्याला बीआयटीच्या चाळी आल्या, १९२० नंतर नायगाव-वरळीच्या बीडीडी, म्हणजे सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, चाळी आल्या, नाहीतर जुनीच गल्ली राहिली. या उपनगराचं कौतुक करताना ही बाजू झाकून ठेवणं मला पटत नाही.

१९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. त्या सुमारास दादर-माटुंग्यात बांधकामाला खरा जोर होता. सिमेंट-काँक्रीट आलं होतं, किंग्ज सर्कलभोवती गोलाई घेतलेल्या बाल्कन्यांच्या इमारती उठत होत्या. मग दुसरं महायुद्ध आणि भाडेनियंत्रण आलं. भाडी १९४० च्या पातळीवर गोठली, घर हातात येताना एकरकमी द्यायची पागडी आली, मालकाला डागडुजीत काही राम उरला नाही. १९६९ च्या कायद्याने दुरुस्तीसाठी उपकर बसला. १९४० पूर्वीच्या अशा उपकरप्राप्त इमारतींना पुनर्विकासात वाढीव चटईक्षेत्र, म्हणजे त्याच प्लॉटवर जास्त बांधकामाची मुभा, मिळतं, आणि दादर-माटुंग्यातल्या बऱ्याच इमारती नेमक्या त्याच वयाच्या आहेत.

२०१२ मध्ये वारसा परिसरांची जी वाढीव यादी प्रस्तावित झाली तिच्यात पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी, पाच बागा आणि शिवाजी पार्क यांचा समावेश होता. शिवाजी पार्कच्या अनेक रहिवाशांनी तिला कडाडून विरोध केला. गळक्या छताखाली राहणाऱ्याला वारशाचा दर्जा म्हणजे लिफ्ट आणि दुरुस्ती कायमची लांबणं वाटलं, आणि त्यांना दोष देता येत नाही. मात्र तीन मजल्यांच्या जागी वीस मजले चढतात तेव्हा दोन इमारतींमधली जागा तेवढीच राहते किंवा गाड्यांच्या पोडियमखाली जाते, आणि खालच्या ब्लॉकना दिवसा दिवे लावावे लागतात. बागा, रस्ते आणि रस्त्याकडेची झाडं महापालिकेच्या ताब्यात आहेत, ती बहुधा टिकतील. ऑर यांच्या तिरप्या रेषेचं काय होणार ते सोसायटी आणि बिल्डर यांच्या करारांत ठरतंय, एकेका प्लॉटवर.