व्हेरिते की डायरेक्ट? झाँ रूशचे माहितीपट सलग पाहताना

फ्रेंच दिग्दर्शक झाँ रूशच्या माहितीपटांचा रेट्रोस्पेक्टिव्ह (एकाच दिग्दर्शकाच्या चित्रपटांचा महोत्सव) लागला, की परिचयपत्रकात ‘सिनेमा व्हेरिते’ आणि ‘डायरेक्ट सिनेमा’ या माहितीपटाच्या दोन शैली एकाच दावणीला बांधलेल्या असतात. गोंधळ होणं साहजिक आहे. दोन्हींचा काळ १९६०च्या आसपासचा, दोन्हींत हातात धरलेला १६ मिमीचा हलका कॅमेरा, जागेवरच टिपलेला आवाज, आणि निवेदकाला शक्यतो रजा. फरक कळतो तो कॅमेरेवाला समोरच्या माणसाशी कसा वागतो त्यावरून.

रॉबर्ट ड्रूचा ‘प्रायमरी’ (१९६०) घ्या. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात केनेडी आणि हम्फ्री अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी झटताहेत. त्यांना कुणी प्रश्न विचारत नाही. केनेडींची पत्नी जॅकलिन भाषण करत असताना कॅमेरा तिच्या पाठीमागे जातो, तर पांढऱ्या हातमोज्यांतली बोटं सारखी चुळबुळ करताहेत. हा डायरेक्ट सिनेमा. आपण तिथे नाहीच असं वागायचं आणि वाट पाहायची. (संकलनाच्या टेबलावर मात्र दिग्दर्शक चांगलाच ‘असतो’, हे सोयीस्कर विसरलं जातं.)

रूशला हे अदृश्य राहणं पटत नव्हतं. कॅमेरा आला की माणूस बदलतो, मग तो बदलच टिपू, असा त्याचा हिशेब. समाजशास्त्रज्ञ एदगार मोराँबरोबर केलेल्या ‘क्रोनिक दँ एते’मध्ये (१९६१) पॅरिसच्या रस्त्यावर लोकांना गाठून थेट विचारलं जातं, तुम्ही सुखी आहात का? त्यातला मार्सलिन लोरिदाँचा प्रसंग अंगावर येतो. आउश्वित्झमधून वाचलेली ही तरुणी कोटाखाली टेपरेकॉर्डर घेऊन एकटीच चालतेय आणि परत न आलेल्या वडिलांशी बोलतेय. गाडीत ठेवलेला कॅमेरा तिच्यापासून दूर दूर जातो. आपलं बोलणं टिपलं जातंय हे तिला पक्कं ठाऊक आहे, आणि टिपलं जाणार नसतं तर ती असं बोललीही नसती. शेवटी सहभागी मंडळींनाच चित्रण दाखवलं जातं. कुणाला ते निर्लज्ज वाटतं, कुणाला बनावट, आणि तो वादही चित्रपटात येतो. हे झालं व्हेरिते.

सलग पाहण्याचा खरा फायदा मात्र ‘म्वा, अँ न्वार’ (१९५८) पाहताना होतो. इथे चावीचा कॅमेरा, एक शॉट जेमतेम वीस-पंचवीस सेकंदांचा, आणि जागेवरचा संवाद नाहीच. आयव्हरी कोस्टमधल्या आबिजान शहरात मजुरी करणारा नायजरचा उमारू गांदा स्वतःला हॉलिवूडच्या नटाच्या नावाने, एडवर्ड जी. रॉबिन्सन म्हणवतो, आणि मुकं चित्रण पाहत पाहत त्यावर आपलं बोलणं रचतो. म्हणजे रूशची पद्धत नव्या यंत्रांच्या आधीच तयार होती.

‘ले मेत्र फू’त (१९५५) मात्र बोलतो तो रूशच. अंगात आलेल्या हाउका या पश्चिम आफ्रिकी पंथाच्या लोकांच्या वाट्याला स्वतःचं निवेदन येत नाही. तुम्ही आम्हाला किड्यांसारखं पाहता, असं सेनेगलचा दिग्दर्शक उस्मान सेंबेनने रूशला पुढे तोंडावर सुनावलं, आणि माझ्या मते या चित्रपटापुरता तो आरोप बराचसा लागू पडतो. हे दोन्ही चित्रपट एकाच दिवशी असतील तर हा आधी पाहा, गांदाचा नंतर.