कावीळ न होताच होऊन गेलेली कावीळ

१७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाच्या निमित्ताने, मराठवाड्यात ठिकठिकाणी रक्तदान शिबिरं होतात. खाटेवर आडवं होण्याआधी फॉर्मवर विचारतात, 'कावीळ झाली होती का?' बहुतेक जण बेधडक 'नाही' लिहितात आणि ते खोटंही नसतं. तरीही अशा धडधाकट लोकांच्या रक्तात हेपॅटायटिस ई या काविळीच्या विषाणूविरुद्धच्या अँटीबॉडी सापडणं ही आपल्या देशात नवलाची गोष्ट नाही. हे ऐकलं की लोक दचकतात : म्हणजे पेशंटला काविळीचं रक्त चढवतात की काय?

तसं नाही. अँटीबॉडी म्हणजे विषाणू नव्हे; त्याच्याशी लढायला शरीराने बनवलेलं प्रथिन, तो येऊन गेल्याची खूण. आयजीएम जातीची सापडली तर पाहुणा नुकताच आलेला; फक्त आयजीजी असेल तर येऊन बराच काळ लोटलेला. बहुतेकांना हा संसर्ग डोळे पिवळे न करताच होऊन जातो.

पाहुणा येतो पाण्यातून. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरात मधल्या काळात पाइप रिकामे असतात, आणि शेजारच्या गटारीचं पाणी फटीतून आत झिरपतं. दिल्लीत १९५५-५६ साली मैलामिश्रित पाण्याने सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. ती हेपॅटायटिस 'ए'ची म्हणून खपून गेली. जपून ठेवलेल्या नमुन्यांनी पुढे कित्येक वर्षांनी खरा गुन्हेगार दाखवला.

मला या विषाणूचं खरं कौतुक वाटतं ते त्याच्या कपड्यांचं. यकृताच्या पेशीतून निघताना तो तिच्याच मेदाचं पातळ पांघरूण ओढून घेतो. पित्तात उतरला की ते विरघळतं, कारण पित्त हा शरीरातला साबणच. म्हणून विष्ठेतून पाण्यात पोचणारा विषाणू उघडा असतो. रक्तात मात्र पांघरूण तसंच राहतं, आणि अँटीबॉडीला जे कवच पकडायचं असतं ते त्याखाली झाकलेलं. तेव्हा रक्तात या घडीला विषाणू आहे का, हे अँटीबॉडी सांगू शकत नाही. त्यासाठी त्याचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्यच, शोधावा लागतो. इंग्लंडमध्ये सव्वादोन लाख रक्तपिशव्या तशा तपासल्या, तेव्हा ७९ पिशव्यांत तो सापडला. तिथला प्रकार मात्र वेगळा, डुकरांकडून येणारा. आपल्याकडे रक्तपिशवीच्या सक्तीच्या तपासण्या पाच : एचआयव्ही, हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी, सिफिलिस हा गुप्तरोग, मलेरिया. त्यात ई नाही.

जाता जाता काविळीच्या माळेबद्दल. काड्या वाळून बारीक होतात, दोऱ्याच्या गाठी सैल पडतात, माळ लांबते. 'कावीळ उतरली!' यकृत एरवीही काही आठवड्यांत आपलं आपण सावरतं, श्रेय माळेला. पण आठवा-नववा महिना लागलेल्या बाईला ही माळ घालून घरी बसवू नका. त्या दिवसांत याच विषाणूने चार-पाच जणींमागे एक दगावू शकते.

आणि रक्तदात्यांत अँटीबॉडी किती टक्के, असा आकडा कुठे वाचलात तर आधी किट कोणतं वापरलं ते बघा. तेच रक्त दोन किटांवर तपासलं तरी टक्केवारी बरीच बदलते.