नाशिकचे दीर्घकालीन पाणी नियोजन

पुढच्या २५–३० वर्षांत शहराला किती पाणी लागेल, ते कोणत्या धरणांतून मिळेल, टंचाईच्या वर्षी कोणाच्या वाट्याला किती येईल आणि त्यासाठी आजपासून काय बांधावे व काय दुरुस्त करावे, यांचा एकत्र हिशेब म्हणजे दीर्घकालीन पाणी नियोजन. नाशिकला हा हिशेब अवघड जातो तो पाऊस कमी म्हणून नव्हे. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, इगतपुरी–त्र्यंबकच्या डोंगरात, पाऊस भरपूर पडतो. सिन्नर–येवल्याकडे मात्र तो झपाट्याने उतरतो. शिवाय घाटमाथ्यावरचे बरेचसे पाणी पश्चिमेला कोकणात वाहून जाते. वैतरणेवरचे अप्पर वैतरणा धरण नाशिक जिल्ह्यात असले तरी त्याचे पाणी १९७३ पासून मुंबईला जाते. पूर्वेला वळणाऱ्या गोदावरीच्या पाण्यावर नाशिकची शेती, उद्योग आणि शहर यांच्याबरोबर मराठवाड्याचाही हक्क आहे.

स्रोत : शहराचा मुख्य आधार गंगापूर धरण समूह. उपयुक्त साठा गंगापूर ५,६३० दशलक्ष घनफूट (दलघफू), काश्यपी १,८५२, गौतमी गोदावरी १,८६८ आणि आळंदी ८१६, म्हणजे एकूण १०,१६६ दलघफू. गंगापूरची मूळ क्षमता सुमारे ७,२०० दलघफू होती. उरलेली जागा गाळाने खाल्ली. त्यामुळे नियोजनात धरणाच्या जुन्या नकाशावरचा आकडा घेऊन चालत नाही, ताज्या गाळ सर्वेक्षणाचाच घ्यावा लागतो. असे सर्वेक्षण करणारी महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था (मेरी) नाशिकमध्येच आहे. दुसरा आधार दारणा खोऱ्याचा. ब्रिटिशकालीन दारणा धरण (७,१४९ दलघफू) आणि मुकणे (७,२३९ दलघफू) ही त्यातली मोठी धरणे. मुकण्याचे पाणी थेट जलवाहिनीने विल्होळीच्या जलशुद्धीकरण केंद्रात येते. नाशिक रोडसाठी दारणेवरच्या चेहेडी बंधाऱ्यातून उपसा होतो, पण त्याच भागात वालदेवीतून सांडपाणी येत असल्याने उन्हाळ्यात, प्रवाह मंदावला की, तिथल्या कच्च्या पाण्याची प्रत बिघडते. नकाशावर दोन स्रोत दिसत असले तरी प्रत्यक्षात एकच वापरता येतो, अशी वेळ त्यामुळे येते.

धरणात पाणी असणे आणि ते उचलता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. गंगापूर धरणात पातळी बरीच खाली गेली की पाण्याचा खोल डोह आणि जॅकवेल (पंप बसवलेली उपसा विहीर) यांच्यामध्ये खडकाचा उंचवटा आडवा येतो. साठ्याच्या तक्त्यात पाणी शिल्लक दिसते, पंपाला मात्र मिळत नाही. खडकात चर खोदणे किंवा तरंगते पंप बसवणे हे यावरचे उपाय. दोन्हींची तयारी हिवाळ्यात व्हायला हवी. मे महिन्यात निविदा काढून उपयोग होत नाही.

मागणीचा अंदाज : महापालिका हद्दीची लोकसंख्या २००१ मध्ये १०,७७,२३६ आणि २०११ मध्ये १४,८६,०५३ होती. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आजचे सारे आराखडे या जुन्या आकड्यांवर उभे आहेत. अंकगणिती पद्धतीने, म्हणजे दर दशकाला ४.०९ लाखांची तीच भर धरून, २०४१ ला २७.१ लाख लोक होतात. भूमितीय पद्धतीने, म्हणजे दर दशकाला ३८ टक्के वाढ धरून, ३९ लाख. दोन्ही उत्तरे गणिताने बरोबर आहेत आणि त्यांत १२ लाखांचे अंतर आहे. एकच आकडा निवडून त्यावर धरणाचे आरक्षण मागणे म्हणून धोक्याचे. खालचा आणि वरचा असे दोन्ही अंदाज शेवटपर्यंत सोबत न्यावेत, आणि कोणते काम कोणत्या लोकसंख्येला सुरू करायचे ते आधीच ठरवावे.

भुयारी गटार असलेल्या शहरासाठी माणशी रोज १३५ लिटर हे प्रचलित मानक. त्यात वितरणातली गळती मिळवली की स्रोतातून उचलायचे पाणी निघते. मिळवणे म्हणजे टक्के वाढवणे नव्हे. १५ टक्के गळती असेल तर ०.८५ ने भागायचे, ४० टक्के असेल तर ०.६० ने. ही चूक आराखड्यांत वारंवार सापडते आणि गळती जितकी जास्त, तितकी ती महागात पडते. ४० टक्के गळतीला १.४० ने गुणले तर खऱ्या गरजेपेक्षा १६ टक्के कमी पाणी मागितले जाते.

या हिशेबाने २७.१ लाख लोकांना १५ टक्के गळतीत रोज ४३१ दशलक्ष लिटर (एमएलडी) लागतील आणि ४० टक्के गळतीत ६१० एमएलडी. ३९ लाख लोकांना १५ टक्के गळतीत ६२० एमएलडी, तर ४० टक्के गळतीत ८७८ एमएलडी. मधले दोन आकडे (६१० आणि ६२०) शेजारी ठेवून पाहावेत. गळती ४० वरून १५ टक्क्यांवर आणली तर ज्या पाण्यात २७ लाख लोकांचे भागत होते त्यातच ३९ लाखांचे भागते. नाशिकच्या आसपास नव्या धरणातून एवढे पाणी मिळवणे सोपे नाही. मिळालेच तर वाटपाच्या वादात किती वर्षे जातील याची खात्री नाही. आराखड्यातला पहिला खर्च गळतीवर व्हावा, हे या चार आकड्यांवरून सरळ दिसते. उद्योग, संस्था आणि भाविकांची मागणी यात धरलेली नाही. ती वेगळी मोजावी लागते.

आरक्षणाचे वर्ष : पाण्याचा हिशेब १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर होतो. त्या दिवशी धरणात जे असेल त्यातून ३१ जुलैपर्यंतचे पिण्याचे पाणी आधी राखून ठेवतात आणि मग कालवा सल्लागार समिती शेतीची आवर्तने, म्हणजे कालव्यातून पाळीपाळीने सोडायचे पाणी, ठरवते. हा काळ २९० दिवसांचा. एक दलघफू म्हणजे २८.३ दशलक्ष लिटर, म्हणून ६२० एमएलडीसाठी सुमारे ६,३५० दलघफू राखावे लागतील आणि ८७८ एमएलडीसाठी सुमारे ८,९९२. गंगापूर समूह पूर्ण भरला तरी दुसऱ्या आकड्यानंतर बाष्पीभवन आणि शेतीसाठी जेमतेम १,१७४ दलघफू उरतात. पाऊस लांबण्याची चिन्हे असतील तर आरक्षण ३१ ऑगस्टपर्यंत वाढवतात. त्या ३१ दिवसांना ६२० एमएलडीने आणखी ६८० दलघफू लागतात. आळंदी धरणाच्या साठ्याचा मोठा भाग एवढ्यातच संपतो.

आणि धरण दरवर्षी भरतेच असे नाही. सिंचन प्रकल्प ७५ टक्के विश्वासार्हतेवर आखतात, म्हणजे सरासरी चार वर्षांतले एक वर्ष तुटीचे धरलेले असते. शेतकरी ती तूट कमी पेरून सोसतो. शहराला तशी सोय नाही. सिंचनासाठी बांधलेल्या धरणावर शहराचा भार टाकताना हा फरक विसरला की तुटीच्या वर्षी सगळा बोजा आवर्तनांवर पडतो. शेतीचे पाणी शहराकडे वळवल्याबद्दल सिंचन पुनर्स्थापनेचा, म्हणजे गमावलेले सिंचन पुन्हा उभारण्याचा, खर्च आकारतात, तोही आराखड्याच्या अंदाजपत्रकात असावा.

जायकवाडीचा वाटा : महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ मध्ये खोऱ्यातल्या तुटीच्या समन्यायी वाटपाची तरतूद आहे. वरच्या धरणांतून जायकवाडीला (मराठवाड्यातले गोदावरीवरचे मोठे धरण) किती पाणी सोडायचे यासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीच्या अहवालानंतर प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये आदेश दिला आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. या आदेशानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा, खरिपातला वापर धरून, ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर नाशिक आणि अहिल्यानगरच्या (पूर्वीचे अहमदनगर) धरणांतून पाणी सोडावे लागते. २०२३ मध्ये असे ८.६ टीएमसी (८,६०० दलघफू) पाणी सोडण्याचा आदेश निघाला. पाणी नदीपात्रातून जाताना मुरते, म्हणून सोडण्याआधी वाटेतल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढतात आणि काठच्या कृषिपंपांची वीज बंद ठेवतात. दीर्घकालीन आराखड्यात हे विसर्ग अपवाद म्हणून नव्हे, तर तुटीच्या वर्षाचा नेहमीचा खर्च म्हणून धरावेत.

गळतीचा शोध : आधी प्रवाहमापक, मग दुरुस्ती, हा क्रम बदलू नये. जॅकवेल, शुद्धीकरण केंद्राचा बहिर्गम, प्रत्येक जलकुंभाचा बहिर्गम आणि शेवटी घरगुती नळ, अशा चार पायऱ्यांवर मीटर बसले की पाणी कुठे हरवते ते कळते. विद्युतचुंबकीय मीटरच्या आधी वाहिनीच्या व्यासाच्या किमान पाचपट आणि नंतर तीनपट सरळ लांबी लागते. जागा नाही म्हणून वळणाला किंवा व्हॉल्व्हला लागून बसवलेला मीटर चुकीचे वाचन देतो, आणि त्यावर केलेला सगळा हिशेब वाया जातो. त्यानंतर एकेका जलकुंभाचा परिसर व्हॉल्व्ह बंद करून वेगळा काढतात आणि रात्री २ ते ४ या वेळेतला किमान प्रवाह मोजतात. त्या वेळी वापर नगण्य असतो, म्हणून जे वाहते ते बहुतेक गळतीचे. जिथे पाणी ठरावीक वेळेलाच येते तिथे वाहिनी रात्री रिकामी असते, त्यामुळे चाचणीपुरते त्या भागाला रात्रभर दाबाखाली ठेवावे लागते. व्हॉल्व्हमनला हे आधी समजावून सांगितले नाही तर तो सवयीने पहाटे व्हॉल्व्ह फिरवतो आणि चाचणी फसते. रिकाम्या वाहिनीचा आणखी एक तोटा : पाणी गेले की सांध्यांतून बाहेरची घाण आत ओढली जाते, आणि थेट नळाला मोटार लावणाऱ्यांमुळे हे जास्त वेगाने घडते.

सिंहस्थ : दर १२ वर्षांनी येणारा कुंभमेळा (२००३, २०१५, पुढचा २०२६–२७) मागणीला मोठा उठाव देतो. स्नानाच्या मुख्य पर्वण्या श्रावण–भाद्रपदात येतात; एरवी तेव्हा धरणे भरत असतात, म्हणून अडचण सहसा पाण्याच्या प्रमाणाची नसून गढूळपणाची असते. पुराच्या पाण्याला तुरटी किंवा पीएसीची (गाळ खाली बसवणारे पॉलिअ‍ॅल्युमिनियम क्लोराइड) मात्रा तासातासाला बदलावी लागते, गाळणी लवकर भरतात आणि शुद्धीकरण केंद्राची क्षमता नेमकी गर्दीच्या दिवशी घटते. २०१५ सारख्या तुटीच्या वर्षी मात्र स्नानासाठी गंगापूरमधून सोडायच्या पाण्यावरही वाद होतो. पुढच्या सिंहस्थासाठी वाढवलेली क्षमता नंतर शहराच्या कायमच्या वाढीला वापरता येईल अशाच जागी बांधावी.

पुनर्वापर आणि नवे स्रोत : पुरवठ्याच्या सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी म्हणून परत येते. तपोवन, आगरटाकळी, चेहेडी आणि पंचक येथील केंद्रांत ते शुद्ध करतात. २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणानुसार अशा केंद्रांपासून ५० किमीच्या आतल्या औष्णिक वीजकेंद्रांनी प्रक्रिया केलेले पाणी वापरणे अपेक्षित आहे. नाशिकजवळचे एकलहरे वीजकेंद्र त्या अंतरात सहज येते. तिथे एक लिटर गेला की धरणातला एक लिटर पिण्यासाठी सुटतो. मात्र हे पाणी आज नदीतून खालच्या बंधाऱ्यांना आणि गोदावरीवरच्या नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्याला मिळते. ते वळवताना खालच्या वापरकर्त्यांची भरपाई हिशेबात नसेल तर शहराची बचत दुसऱ्याची तूट ठरते.

पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी उचलून गोदावरी खोऱ्यात आणण्याच्या योजनांचा, उदाहरणार्थ दमणगंगा–एकदरे–गोदावरी जोडणीचा, आराखड्यात उल्लेख असतोच. पाणी घाटावर चढवायला वीज लागते, बोगद्यांना वर्षे लागतात आणि त्याच खोऱ्यातल्या पेठ–सुरगाण्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. त्या गावांचा वाटा आधी ठरायला हवा. जोपर्यंत काम प्रत्यक्ष पूर्ण होत नाही तोपर्यंत या पाण्याची नोंद संभाव्य स्रोतांत करावी, उपलब्ध साठ्यात नाही.